पपईचा चीक आणि कोरं कापड

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, एक जुनं स्टॉपवॉच आहे. निवृत्त झालो तेव्हा मी ते घरी आणलं आणि मालतीने दुसऱ्याच दिवशी त्याला कामाला लावलं. कुकरची शिट्टी झाली की ती ते दाबायची आणि डाळीला किती मिनिटं लागली ते मोठ्याने सांगायची, जणू मी वहीत टिपून घेणार आहे. मालतीला जाऊन आता सात महिने झाले. घड्याळाला मी अजून रोज किल्ली देतो. मोजण्यासारखं काही नसतं, पण किल्ली देतो.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, तेव्हा मला आधी या घड्याळाची आठवण झाली. त्याची पहिली नोकरी माझ्याबरोबरची. दूध किती वेळात फाटतं ते त्याने मोजायचं आणि मी लिहून ठेवायचं.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली, चिंचवडची. आज निगडीपर्यंत जी अखंड वस्ती दिसते ती तेव्हा नव्हती. चिंचवड स्टेशनच्या मागे ज्वारीची शेतं होती आणि त्या शेतांच्या कडेला पत्र्याच्या दोन शेडचा आमचा कारखाना. कारखाना म्हणायचं ते मालकांचा मान राखण्यासाठी. मालकांना सगळे अण्णा म्हणत. आमच्याकडे पपईच्या चिकापासून पपेन नावाची पांढुरकी भुकटी तयार होई आणि ती मुंबईच्या औषध कंपन्यांना पाचक औषधांसाठी जाई. मी नुकताच बी.एस्सी. झालेला, तिथला एकुलता एक केमिस्ट. अण्णा मला केमिस्टसाहेब म्हणत. बागेतल्या बायका मास्तर म्हणत, कारण माझ्या खिशात नेहमी पुस्तक असे.

पपेन हे एन्झाइम आहे. शाळेच्या पुस्तकांत त्याला हल्ली विकर म्हणतात. आपल्या शरीरात, झाडात, आंबलेल्या पिठात ज्या घडामोडी चालतात त्या तशाच सोडल्या तर फार सावकाश झाल्या असत्या. काही तर माणसाच्या आयुष्यात पुऱ्याही झाल्या नसत्या. एन्झाइम त्या चटकन घडवून आणतं आणि स्वतः मात्र खर्च होत नाही. मांस, डाळ, दूध यांतली प्रथिनं म्हणजे मण्यांच्या लांबच लांब माळा समजा. पपेनच्या रेणूच्या अंगावर एक खाच असते. माळेचा एखादा भाग त्या खाचेत नेमका बसतो, तिथे दोरा तुटतो, दोन तुकडे सुटून जातात आणि खाच पुढच्या माळेसाठी मोकळी होते. म्हणून चिमूटभर भुकटी भांडंभर दुधाला पुरते.

दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक एन्झाइमचं काम ठरलेलं असतं. पपेन प्रथिनं तोडतं, पण पिठाला, म्हणजे स्टार्चला, ते हात लावत नाही. त्याच्या खाचेत स्टार्च बसतच नाही. स्टार्च तोडणारं एन्झाइम आपल्या लाळेत असतं. भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते ती त्यामुळे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

हे सगळं मी कॉलेजात शिकलो होतो. आमच्या भट्टीचे मिस्त्री रज्जाकभाई यांना ते कॉलेजात न जाता माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "साहेब, हे पपेन पपेन म्हणजे नेमकं काय असतं?"

मी खाच, माळ, दोरा, सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या घरी मटणाला कच्ची पपई लावतात, तेच ना?"

"तेच."

"मग इतकं लांबून कशाला आलात, साहेब?"

भुकटीची ताकद ठरवायची आमची रीत साधी होती. डब्यातल्या दुधाच्या भुकटीचं दूध करायचं, ते चाळीस अंशावर ठेवायचं, त्यात मोजून पपेन टाकायचं आणि घड्याळ दाबायचं. काचेच्या कडेला पहिली कणी दिसली की घड्याळ थांबवायचं. चांगला माल दोन मिनिटांच्या आत कणी दाखवी. दिवसभर मी दुधाकडे बघत बसे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते काम वाटत नसे.

एकदा गावातल्या तालमीतले एक पैलवान कारखान्यात आले. बदाम, तूप, मटण सगळं पचवणारी पावडर इथे तयार होते असं त्यांनी ऐकलं होतं. अण्णांनी कौतुकाने त्यांना एक पुडी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवान परत दारात.

"राव, दूध नासवायचं औषध विकता व्हय तुमी?"

त्यांनी आदल्या संध्याकाळी शेरभर गरम दुधात पुडी ढवळून ठेवली होती आणि जोर-बैठका मारून आल्यावर पेला उचलला, तर आत चोथापाणी. मी त्यांना समजावलं की दूध नासलं म्हणजेच माल उत्तम आहे. "मास्तर," पैलवान म्हणाले, "तुमी एकदा तालमीत या. उत्तम काय आस्तं ते आमी दावतो." मी गेलो नाही. त्या दिवसापासून रस्त्यात भेटले की ते विचारत, "काय, आज किती दुधं नासवली?"

पण आमचा कारखाना खरा चाले तो बायकांच्या हातांवर. पवनेच्या पलीकडे पुनावळ्याला पपईच्या बागा होत्या. पहाटे पंधरा बायका बागेत शिरत. पूर्ण वाढलेल्या पण हिरव्या फळावर बांबूच्या धारदार चोईने तीन-चार उभ्या रेघा मारायच्या, वरवर, सालीपुरत्या. विळा-कोयता चालत नाही. लोखंड लागलं की चीक काळवंडतो आणि त्याची ताकद जाते. रेघांतून पांढरा चीक ठिबकतो, खाली बांधलेल्या फडक्यावर पडतो आणि बघता बघता थिजतो. दहा वाजले की ठिबकणं बंद. मग बायका चीक चिनी मातीच्या बरण्यांत भरून बागेच्या कडेच्या पडवीत आणत, तिथे वजन होई आणि बरण्या नदी ओलांडून आमच्याकडे येत. कारखान्यात आम्ही त्या गुठळ्या थोड्या मिठाच्या पाण्यात सैल करून कापडातून पिळून गाळत असू आणि काचेच्या ताटांत पसरून वाळवत असू.

चीक प्रथिनं तोडतो आणि माणसाची कातडी प्रथिनांचीच असते. बायका हाताला खोबरेल चोळून जात, तरी बोटांची टोकं सोलवटून गुळगुळीत होत. हजेरीपटावर त्यांचे अंगठे उमटत नसत, नुसता शाईचा डाग पडे. रबरी हातमोजे मागवावेत असं मी अण्णांना दोनदा म्हणालो आणि दोन्ही वेळा 'पुढच्या हंगामात बघू' हे उत्तर मान्य केलं. तिसऱ्यांदा म्हणालो नाही.

या बायकांची मुकादम हौसाबाई. पन्नाशीच्या आतली, उंच, कमी बोलणारी. पडवीतली तागडी तिच्या हातात असे आणि तिने सांगितलेलं वजन कुणी पुन्हा करून पाहत नसे. बाग कुणाचीही असो, चीक काढायला हौसाबाईच्या बायका हव्यात असं बागायतदार म्हणत. तिला वाचता येत नव्हतं, पण बरणीत नुसतं डोकावून ती चीक कालचा की आजचा ते सांगे.

त्या वर्षीच्या श्रावणात आभाळ दहा दिवस उघडलं नाही. पपईला पावसाळ्यात चीक भरपूर येतो आणि वाळवायला ऊन नसतं, ही या धंद्यातली दरवर्षीची अडचण. अशा वेळी आम्ही ताटं विटांच्या खोलीत रचत असू आणि रज्जाकभाई कोळशाच्या भट्टीची गरम हवा आत सोडत. मात्र खोली पंचावन्न अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. मुंबईचा माल तटलेला होता आणि अण्णा दिवसातून चारदा शेडमध्ये चक्कर मारत होते. मी रज्जाकभाईंना कोळसा वाढवायला सांगितलं.

"साहेब, ओला माल आहे," ते म्हणाले. "चटका बसेल."

मी त्यांना दाराशी टांगलेला थर्मामीटर दाखवला. "पारा बघा. पन्नासच आहे."

त्यांनी पारा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि कोळसा टाकला.

त्याच आठवड्यात आमची गाळायची फडकी विरली म्हणून मी पुण्याच्या पेठेतून मांजरपाटाचं अख्खं थान आणलं. थान कोरं होतं, घडीवर डाग नाही. मी त्याचे चौकोन फाडले आणि तसेच गाळायला दिले.

माल वाळला. मी दूध घेतलं, भुकटी टाकली, घड्याळ दाबलं. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. दूध जसंच्या तसं. तीन ताटांतले नमुने पाहिले, तिन्ही थंड.

या धंद्यातली एक जुनी लबाडी म्हणजे चिकात तांदळाचं पीठ कालवणं. वजन वाढतं आणि रंगात फरक दिसत नाही. पीठ ओळखायला आयोडीनचा थेंब पुरतो. स्टार्च असलं की निळंजांभळं होतं. मी भुकटी पाण्यात कालवली, थेंब टाकला आणि पाणी निळं झालं.

अण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते. "पीठ," ते म्हणाले.

"पीठ," मी म्हणालो. मला बरं वाटलं, हे आज कबूल करतो. माल का बिघडला याचं उत्तर मिळालं होतं आणि ते माझ्या शेडमधलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुनावळ्याच्या पडवीत गेलो. वजनाची वेळ होती, सगळ्या बायका होत्या.

अण्णा म्हणाले, "हौसाबाई, सगळा माल मेला. चिकात पीठ निघालं."

"कुनाच्या?"

"तुझ्या हातून आलेल्या बरण्यांत."

"म्हंजी आमच्या. आमी पंधराजनी हाय. नाव घ्या की एकीचं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी नळीत भुकटीचं पाणी घेऊन आलो होतो. तिथे सगळ्यांसमोर त्यात थेंब टाकला आणि नळी वर धरली.

हौसाबाईने ती निरखून पाहिली. "निळं झालं म्हंजी पीठ?"

"हो."

"आन् ह्ये निळं केलं कुनी?"

"मी. औषध टाकलं ना."

"मंग तुमीच केलंया की निळं," ती म्हणाली. दोघीतिघी हसल्या. ती हसली नव्हती. "मास्तर, म्या बेलभंडार उचलते. खंडोबाची आन घेऊन सांगते, माज्या तागडीवर पीठ चढलेलं न्हाई."

आमच्या भागात बेल आणि भंडारा हातात घेऊन कुणी बोललं की पुढे वाद होत नाही. मी म्हणालो, "हौसाबाई, शपथेनं पीठ नाहीसं होत नाही."

एवढ्या वर्षांत मी पुष्कळ चुकीची वाक्यं बोललो असेन. हे एक मला त्यातल्या आवाजासकट आठवतं.

अण्णांनी खिशातून कागद काढला. माल भेसळीचा निघाला हे मान्य आहे, एवढंच त्यात होतं. त्यांनी शाईची डबी पुढे केली. हौसाबाईने उजवा अंगठा आमच्यासमोर धरला. तेलाने चकाकणारा, एकही रेघ नसलेला.

"ह्यो तुमच्या चिकानं खाल्ला," ती म्हणाली. "उमटला आस्ता तरी दिला नस्ता."

तिने तागडी खुंटीला टांगली, पदर सारखा केला आणि बागेतून निघून गेली. अण्णांनी तागडी दुसऱ्या बाईच्या हातात दिली. त्या बाईने ती धरली, पण आमच्याकडे बघितलं नाही.

चार दिवसांनी रज्जाकभाईंनी मला सांगितलं की पलीकडच्या गावात हौसाबाईला लोक पीठवाली म्हणायला लागले आहेत. एका बागायतदाराने तिला बांधावरूनच परत पाठवलं होतं. हे सांगताना ते भट्टीतली राख ओढत होते, माझ्याकडे पाठ करून.

आम्ही तेव्हा चिंचवड गावात दोन खोल्यांत राहत होतो. मालतीला आठवा महिना होता. मांजरपाटाच्या थानातून उरलेलं दोन वार कापड मी अण्णांना विचारून घरी आणलं होतं, बाळाच्या झबल्यांसाठी. त्या रविवारी दुपारी ती मोरीत बसून ते धूत होती आणि मी दारात पुस्तक घेऊन बसलो होतो.

"अहो, कुठलं कापड आणलंत हे? केवढी खळ आहे याला."

"कोरं आहे. चांगलं स्वच्छ आहे."

"कोरं म्हणजे स्वच्छ हे कुणी सांगितलं तुम्हाला?" ती म्हणाली. "हे तिसरं पाणी. अजून पांढरंच निघतंय. असंच अंगाला लावलं तर बाळाला ओरखडे येतील."

मी उठून बघितलं. बादलीत तांदळाच्या धुवणासारखं पाणी होतं. माग चालवताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात आणि खळ पिठाची असते. हे घराघरातल्या बायकांना माहीत असतं. मला माहीत नव्हतं. मी थान फाडलं, त्यातून चीक पिळून घेतला आणि त्या चिकात खळ उतरली. पपेनला स्टार्च तोडता येत नाही. म्हणून खळ भुकटी होईपर्यंत तशीच राहिली.

कपाटात आयोडीनची बाटली होती. बादलीतलं पाणी वाटीत घेऊन मी थेंब टाकला. मालती ओल्या हातांनी बघत होती.

"छान रंग आहे," ती म्हणाली. "कसला?"

मी तिला सगळं सांगितलं. ती कापड पिळत राहिली, पिळून झालं तरी पिळत राहिली.

"मग ती बाई?"

"कामावर येत नाही."

"येत नाही, की तुम्ही येऊ दिली नाहीत?"

मी म्हणालो, "उद्या अण्णांना सांगतो."

"अण्णांना सांगा. पण तिला पीठ घातलंस असं म्हणालात ते कुठे म्हणालात?"

"पडवीत."

"सगळ्यांच्या देखत?"

"हो."

"मग तिथेच जावं लागेल," ती म्हणाली आणि कापड झटकून दोरीवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो तेव्हा माझ्यासमोर एक अडचण उरलीच होती. खळ किती असणार, चिमूटभर. तिने माल निळा दाखवला हे खरं, पण सगळा माल मेला कशाने? मी थर्मामीटर दारावरून काढला, रज्जाकभाईंना भट्टी त्या दिवसाइतकीच पेटवायला सांगितली आणि थर्मामीटर आत, खालच्या ताटांच्या मधे ठेवला. अर्ध्या तासाने पारा ऐंशीच्या पुढे होता. दाराशी थंड हवा लागते आणि मी दारातलाच पारा वाचत होतो.

एन्झाइमचं सगळं काम त्याच्या आकारावर असतं. ओल्या मालाला जास्त उष्णता लागली की रेणूची घडी विसकटते आणि खाच नाहीशी होते. वजन तेवढंच, रंग तोच, काम मात्र बंद. अंड्याचा पांढरा बलक उकळल्यावर पुन्हा पातळ होत नाही, तसं हेही मागे येत नाही.

"मी म्हणालो होतो, साहेब," रज्जाकभाई म्हणाले.

"म्हणाला होतात."

"मग आता?"

"आता पुनावळे."

अण्णा आधी चिडले, मग म्हणाले की कापडाचं सांगा, भट्टीचं तिथे बोलायची गरज नाही. नाव कारखान्याचं जातं. मी हो म्हणालो.

हौसाबाईला निरोप पाठवला होता. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली, पण पडवीत आली नाही. बाहेर, बागेच्या बांधापाशी उभी राहिली. बायका वजन सोडून उभ्या होत्या. मी मालतीने दिलेले दोन तुकडे काढले, एकाच थानातले, एक कोरा आणि एक धुतलेला. कोऱ्यावर थेंब टाकला. तो काळा-निळा पसरला. धुतलेल्यावर टाकला, तो चहाच्या डागासारखा तांबूस राहिला. मग त्या सकाळच्या बरणीतला चीक पानावर घेऊन त्यावर टाकला. तोही तांबूसच.

"पीठ कापडाचं होतं," मी म्हणालो. "कापड मी आणलं. न धुता मी वापरायला दिलं. हौसाबाईंच्या तागडीवर पीठ चढलं नव्हतं."

मग मागची एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी चोर तुमच्या पेठंत हुता, मास्तर."

हशा झाला. मला तो हशा हवाहवासा वाटला. आता संपलं, आता निघता येईल. तेवढ्यात हौसाबाई बांधावरून बोलली.

"मास्तर, कापडाला आसं किती पीठ आस्तंय?"

"थोडंसं."

"मूठभर?"

"नाही. चिमूटभर."

"मंग चिमटीभर पिठानं येवढा माल मेला?"

अण्णा बरण्यांकडे बघत होते. रज्जाकभाई बैलगाडीपाशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली होती. त्यांचं नाव घेणं सोपं होतं. भट्टी तेच पेटवत, आणि भट्टी जास्त पेटली असं म्हटलं असतं तर ते खोटंही झालं नसतं.

"नाही," मी म्हणालो. "माल मी मारला. रज्जाकभाई नको म्हणत असताना मी आग वाढवायला लावली. पारा चुकीच्या जागी टांगला होता, तोही मीच. तुमच्या चिकात काही वाईट नव्हतं."

हौसाबाई बांधावरून उतरून पडवीत आली. तिने ते दोन तुकडे उचलले, बोटांनी चाचपले. तिच्या गुळगुळीत बोटांना खळ लागत होती की नाही कोण जाणे. "ह्ये कुनी धुतलं?"

"माझ्या बायकोने."

"तिला ठावं हाय कापड," ती म्हणाली. मग त्या दुसऱ्या बाईच्या हातातली तागडी घेतली. "म्या काम करीन. पन हितून फुडं कोरं कापड म्या धुनार. आन् दर कापडावर माज्यासमूर थेंब टाकायचा."

अण्णांनी मला नंतर महिनाभर केमिस्टसाहेब म्हटलं नाही. त्या मालाचं नुकसान सोसावं लागलं, मुंबईचं एक गिऱ्हाईक गेलं. पीठवाली हे नाव मात्र लगेच गेलं नाही. तशी नावं हळूहळू जातात. कुणी चेष्टेत म्हणत राहिलं, तरी ती वळून बघत नसे. त्या बागायतदाराच्या बागेत ती पुन्हा कधी गेली नाही. त्याने दोनदा बोलावलं तरी गेली नाही.

कारखाना पुढे सहा वर्षं चालला. त्या सहा वर्षांत जेव्हा जेव्हा नवं थान आलं, तेव्हा हौसाबाईने ते पवनेवर नेऊन आपटून धुतलं, वाळवलं आणि घडी करून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. ती समोर उभी राहायची आणि म्हणायची, "टाका थेंब, मास्तर." मी टाकायचा. तो तांबूस यायचा. ती बघायची, मान हलवायची आणि जायची. तिला त्या थेंबाची गरज नव्हती. धुतलेलं कापड तिला हाताच्या वजनावरून कळत असे. एकदा बाटली रिकामी होती म्हणून मी म्हणालो, "राहू द्या हौसाबाई, तुम्ही धुतलंय म्हणजे झालं." ती उभीच राहिली. मी गावात जाऊन दवाखान्यातून आयोडीन मागून आणलं तोवर ती उभी होती.

पुढे मी ते घड्याळ बरोबर घेऊन पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो. तिथे सगळं काचेचं आणि पांढरंशुभ्र असे. दूध फाटायची वाट बघायला माणूस ठेवावा लागत नसे. पण तिथे कधी एखादा अहवाल माझ्या मनासारखा आला, प्रश्न सुटला आणि चूक दुसऱ्या कुणाच्या तरी विभागात निघाली, की मी सही करायच्या आधी एक दिवस थांबे. सहकाऱ्यांना वाटे, हा माणूस संथ आहे.

त्या श्रावणातल्या दोन वार कापडाची झबली जिच्या अंगावर गेली, ती आमची सुधा. आता तीही साठीकडे आली आहे. यंदा चैत्रात मालती गेली तेव्हा सगळं तिनेच बघितलं. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवी साडी मागवली. साडी आली, घडी तशीच, दुकानाच्या कागदातली. मी पदराचं टोक बोटांत धरलं. करकरीत खळ होती.

"सुधा," मी म्हणालो, "एकदा पाण्यातून काढून आण ग."

"बाबा," ती हळूच म्हणाली, "कोरीच लागते."

ते मलाही माहीत होतं. बायका यायला थोडा अवकाश होता. मी साडीची घडी मोडली आणि मालतीच्या गळ्याशी जो काठ येणार होता तेवढा दोन्ही हातांत चोळून मऊ करत बसलो.